‘३७७ गेलं, आता काय राहिलं?’

हा प्रश्न चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ बाबत एकमताने निकाल दिला आणि सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. डोक्यावरची अटकेची टांगती तलवार गेली, ही मोठीच गोष्ट. पण नववीतल्या ज्या मुलाला मधल्या सुट्टीत रोज ‘बायल्या’ म्हणून छळलं जातं, त्याचा वर्ग त्या निकालाने बदलला नाही.

‘कायद्याने मन कसं बरं होणार?’ असंही विचारतात. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या १९९९ ते २०१५ या काळातल्या माहितीवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तिथे मुलांमधलं आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि ही घट समलिंगी व उभयलिंगी मुलांमध्ये अधिक होती. ती मुलं काही लग्नाला उभी नव्हती. सरकार आपल्याला माणूस मानतं, एवढं त्यांना कळलं, असाच अर्थ मी त्यातून काढतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ‘औषधाने सुटतं हे’ या समजुतीने केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तरीही आईवडील मुलाला घेऊन डॉक्टरांपासून बाबा-बुवांपर्यंत फिरतात. त्यामागे माया असते, म्हणून ते अधिकच वाईट वाटतं. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ मध्ये दोन तरुणींच्या नात्याचं प्रकरण आलं, तेव्हा न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश आधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून विषय समजून घेऊन आले आणि मग असे ‘उपचार’ थांबवण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. बुवा आणि नोंदणी नसलेले ‘समुपदेशक’ मात्र या नियमाच्या बाहेर राहतात. त्यांना आवरायला संसदेचा स्वतंत्र कायदा हवा.

‘शाळेत हा विषय काढला की मुलांच्या डोक्यात नको ते भरतं,’ ही भीती सरकारलाही वाटते. ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, याची एनसीईआरटीने २०२१ मध्ये काढलेली पुस्तिका काही दिवसांतच संकेतस्थळावरून हटवली गेली. ती शिक्षकांसाठी होती. स्वच्छतागृह, गणवेश, वर्गातली भाषा असे रोजचे प्रश्न तिच्यात होते. ही मुलं वर्गात आधीपासून बसलेलीच आहेत. विषय टाळल्याने ती नाहीशी होत नाहीत, एकटी पडतात.

आणि ‘आपल्याकडे काही नियमच नाहीत’ हेही खरं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. त्याहून महत्त्वाचा आहे २५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूवरून तो आला. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याची तयारी आणि लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाची गोपनीय तक्रार करण्याची सोय, हे सारं त्यात आहे. स्वतंत्र कायदा होईपर्यंत ते शाळा, महाविद्यालयं आणि खासगी क्लासेस सगळ्यांवर बंधनकारक आहे. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची आहे.

म्हणून पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर हेही विचारा: समुपदेशक कोण आहे, तक्रार कुणाकडे करायची, ती गुप्त राहते का? लेखी विचारा. उत्तर आलं नाही, तर तेच पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. दरम्यान एखाद्या मुलाला आजच कुणाशी बोलावंसं वाटत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.