बाळ रडलं होतं का?

आशाताईंच्या पिशवीत मोजक्या वस्तू असतात. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, बाळाला गुंडाळायचं ब्लँकेट. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, जामखेड-पाथर्डीच्या बाजूला, या भेटींना मी त्यांच्याबरोबर जात आले आहे. माता आणि नवजात बाळांच्या आरोग्यावरचं संशोधन म्हटलं की मोठी रुग्णालयं, प्राध्यापक, परिषदा डोळ्यांपुढे येतात. पण त्या सगळ्याचा पाया पत्र्याच्या घरात, बाजेशेजारी बसून लिहिलेल्या एका आकड्यावर असतो. तो आकडा खरा निघायला काय लागतं, ते इथे मांडते आहे.

श्वास मोजायचा तर बाळ शांत हवं. ताईंनी दुपटं बेंबीच्या खाली सरकवलं आणि घड्याळ बाळाच्या पोटाशेजारी धरलं, म्हणजे पोट आणि सेकंदकाटा एकाच नजरेत येतात. मग पूर्ण एक मिनिट. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही; मध्येच भरभर, मध्येच थांबल्यासारखा होतो. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर हमखास फसगत होते. मिनिटाच्या मध्यावर आजींनी चहाचं विचारलं. ताईंनी नजर काढली नाही. आकडा आला ६४. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास हे धोक्याचं लक्षण, पण एका मोजणीवर निर्णय करायचा नसतो. थोडं थांबून पुन्हा मोजलं, ५२ आले. बरोबर आलेल्या नव्या आशाताईंनी विचारलं, "पहिला आकडा खोडायचा ना, ताई?" उत्तर आलं, "खोडायचा कशाला? मोजला तेव्हा तेवढाच होता. दोन्ही लिही."

संशोधनाची सगळी शिस्त या दोन शब्दांत आहे. जे दिसलं ते लिहायचं; सोयीचं निघालं नाही तरी लिहायचं.

सोयीचा आकडा कसा दिसतो, तेही रजिस्टरांत पाहायला मिळतं. जन्मवजनाच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आलं की २५०० ग्रॅम हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. २४६० क्वचित, २४८० त्याहून क्वचित. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरलं जातं, त्याच्यासाठी जादा भेटी, जादा कागद आणि बैठकीत जादा प्रश्न असतात. काटा दोन रेघांमध्ये थांबला की हात आपोआप गोल आकड्याकडे वळतो. ही सवय आकड्यांचा अभ्यास करणारे जगभर ओळखतात. ज्या बैठकीत कमी वजनाची बाळं जास्त निघाली म्हणून उभं करून विचारतात, त्या बैठकीला पुढच्या महिन्यात सगळी बाळं अडीच किलोची मिळतात. आणि खरोखर २३०० ग्रॅमचं असलेलं बाळ जादा भेटींतून सुटतं. वाईट आकडा आणणारीला बोल लागत असेल, तर तिथे संशोधन रुजणार नाही.

या जिल्ह्याने याच्या उलट करून दाखवलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. त्याआधी त्यांनी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं होतं आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं होतं. सुरुवातीच्या पाहणीत त्यांना दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालमृत्यू आढळले. त्यांनी गावांनाच आपली आरोग्य सेविका निवडायला सांगितलं. निवडल्या गेलेल्या बायकांतल्या पुष्कळ जणींना लिहितावाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित वस्त्यांतल्या होत्या. त्या नियमितपणे जामखेडला जमायच्या. कुठल्या घरी काय झालं, कुठलं बाळ का गेलं, आपण काय केलं आणि काय करता आलं असतं, हे एकमेकींना सांगायच्या. डॉक्टर त्या वर्तुळात बसून ऐकायचे. पुढच्या दोन-अडीच दशकांत प्रकल्पाच्या गावांतला बालमृत्युदर तिशीच्या खाली आला. १९७८ च्या अल्मा-अताच्या जागतिक परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार मांडला गेला, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडच्या कामाची नोंद घेतली होती. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या यशाची चर्चा करताना लसीकरण, पाणी, पोषण यांची नावं येतात, ती यायलाच हवीत. मला त्यात त्या वर्तुळाचं महत्त्व फार वाटतं. नोंद घेणारी आणि तिचा अर्थ लावणारी बाई तिथे एकच होती. आकडा वर गेला आणि परत आलाच नाही, असं तिच्या बाबतीत होत नव्हतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हीच गोष्ट शास्त्राच्या काटेकोर कसोटीवर आणली. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेत होत्या. तुलनेसाठी ४७ गावं होती. काळजीच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला, तुलनेच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या हाती ती पिशवी आली. त्या अभ्यासाच्या नोंदींतून नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची सात लक्षणं निघाली: हातपाय ढिले पडणं, दूध पिणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं मंदावणं किंवा थांबणं, पोट फुगणं किंवा बाळ वारंवार ओकतं असं आईने सांगणं, अंग गार लागतं असं आईने सांगणं किंवा ताप येणं, छाती आत ओढली जाणं, बेंबीत पू होणं. यांतली दोन एकदम दिसली की धोका ओळखायचा. आईचा शब्द इथे थेट निदानाच्या यादीत बसला आहे. आधी चांगलं पीत होतं, कालपासून पीत नाही, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? प्रयोगशाळा नसलेल्या गावात तिची नजर हेच उपकरण असतं.

मात्र ती आई कोणत्या गावात, कोणत्या नावाने सापडेल, हाच मोठा प्रश्न आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत अजून आहे. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते. सासरच्या आशाताईंच्या वहीत ती एका नावाने असते. माहेरी सगळं गाव तिला लहानपणच्या नावाने ओळखतं आणि नोंदही कधी कधी त्याच नावाने होते. बाळाला बारशापर्यंत नाव नसतं. दोन गावांच्या दोन रजिस्टरांत दोन बायका दिसतात, प्रत्यक्षात ती एकच असते. गरोदरपणात तिचं रक्त किती कमी होतं हे एका वहीत, बाळाचं वजन दुसऱ्या वहीत. या दोन नोंदी जुळल्या नाहीत तर रक्त कमी असण्याचा बाळावर काय परिणाम झाला, हा साधा प्रश्नही विचारता येत नाही.

त्यात ऊसतोडीची भर पडते. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवरून कोयते निघतात, ते गळीत हंगाम संपला की परततात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातली बाई गरोदर असली तरी उचल घेतलेली असते, जावं लागतं. काही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, काही याच जिल्ह्याच्या उत्तरेला, प्रवरा-गोदावरीच्या कारखान्यांवर. हंगामाच्या महिन्यांत गावातल्या वहीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' एवढंच लिहिलेलं असतं, आणि फडात कुणाच्या वहीत ती असेल याची खात्री नसते. दोन्हीकडच्या आशाताईंना माझी विनंती असते की एकमेकींचा फोन नंबर कार्डावर लिहा. एका गावात ताईंनी माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानावर आपला नंबर, मुकादमाचा नंबर आणि प्रसूतीची अंदाजे तारीख ठळक लिहून दिलेली पाहिली. उपचार आणि अभ्यास, दोन्हींसाठी ती ओळ मोलाची आहे. जिल्ह्याच्या कोणत्याही अभ्यासात या बायका गळल्या, तर सर्वांत जास्त धोका असलेल्या आयांना वगळून काढलेला निष्कर्ष आपण सगळ्यांवर लावणार.

सगळ्यांत अवघड नोंद मृत्यूची. बाळ गेल्यावर काही दिवस जाऊ देतात, मग आरोग्य कर्मचारी घरी जाऊन चौकशी करतात. सरकारी भाषेत याला अन्वेषण म्हणतात. मी अशा एका घरी शेजारी बसले होते. सासू बोलत होती, "पोटातच गेलं होतं." रजिस्टरमध्ये मृत जन्म असं लिहून काम संपलं असतं. सिस्टरने घाई केली नाही. सासूबाईंचं सगळं ऐकून घेतलं, मग आईकडे वळून हळूच विचारलं, "बाळ रडलं होतं का गं? एकदा तरी? हात-पाय हलवले होते का?" बराच वेळ गेला. आई म्हणाली, "बारीक कण्हलं होतं. दोन-तीनदा."

त्या उत्तराने नोंद बदलली. ते बाळ जिवंत जन्मलं होतं, श्वास घेता आला नाही म्हणून गेलं होतं. मृत जन्माची कारणं गरोदरपणात आणि कळांच्या काळात शोधावी लागतात. कण्हलेल्या बाळाची कारणं जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटातही शोधावी लागतात: बाळाला पुसून कोरडं केलं का, पाठीवर चोळलं का, पिशवी-मास्कने श्वास दिला का, ते येणारं कुणी हजर होतं का. एका शब्दाच्या फरकाने प्रशिक्षण कुणाला द्यायचं आणि साधन कुठे ठेवायचं, हे ठरतं. हा प्रश्न विचारणं शिकवता येतं, पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि विचारणारीच्या मनात दोष शोधायची भावना असून चालत नाही. आईला वाटलं की आपल्याला किंवा घरच्यांना जबाबदार धरणार आहेत, तर ती कण्हण्याबद्दल कधीच बोलणार नाही.

मोजमाप बदललं की उपचार कसा बदलतो, याचं उत्तम उदाहरण सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यात आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव डोळ्यांनी अंदाजला तर बहुतेक वेळा कमीच वाटतो. कापडात, गादीत, जमिनीत रक्त मुरतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात बाईच्या खाली प्लास्टिकची खोळ पसरली जाई, तिच्या टोकाला खुणा केलेली पिशवी असे. किती रक्त गेलं ते त्यातून सरळ वाचता येई. १६२० बायकांच्या त्या अभ्यासात गावातल्या एएनएम सिस्टरनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तेव्हा रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट'ने तो छापला. पुढे अशाच खुणांच्या खोळीच्या आधारे आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. रक्त मोजायचं आणि धोका दिसताच सगळे उपाय एकत्र सुरू करायचे, अशी ती पद्धत. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू, या सगळ्यांचं मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बेळगावच्या उपकेंद्रांतल्या सिस्टरचा त्या ज्ञानात वाटा आहे.

अहिल्यानगरला अशा कामासाठी लागणारं बरंच काही आहे. दक्षिणेला जामखेडचा वारसा आहे, उत्तरेला लोणीत १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोले तालुक्याच्या डोंगरात आदिवासी वाड्या आहेत, मध्ये बागायत आणि साखर कारखाने आहेत. एकाच जिल्ह्यात इतक्या वेगळ्या परिस्थितीत बाळं जन्मतात. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. त्या प्रबंधांचे प्रश्न प्रसूती कक्षातल्या सिस्टर आणि गावातल्या आशाताई यांना विचारून ठरवले, तर त्यांची उत्तरं कपाटात पडून राहणार नाहीत. ज्यांनी प्रश्न विचारला त्या उत्तर मागायला येतील.

संमतीचंही तसंच. अभ्यासात बाईला घेताना संमतीपत्र वाचून दाखवायचं असतं. ते घरात सगळ्यांसमोर भरभर वाचलं आणि सासूने मान हलवली, तर ती संमती कुणाची? बाईला एकटीला बसवून, तिच्या बोलीत, 'नाही म्हणालीस तरी उपचारात काही कमी होणार नाही' हे आधी सांगावं लागतं. तिने मग विचार करून दिलेला होकार टिकतो, आणि पुढच्या भेटीला ती दार उघडते.

असं संशोधन रुजवायला मोठा निधी यायची वाट पाहायची गरज नाही. आशाताईंच्या दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास राखून ठेवावा. मागच्या महिन्यात त्यांनी आणलेले आकडे त्या अर्ध्या तासात त्यांनाच परत दाखवावेत: तुमच्या गावात किती बाळं कमी वजनाची होती, किती बाळं तिसऱ्या दिवसाच्या भेटीत धोक्यात सापडली, त्यांचं पुढे काय झालं. ज्यांच्या वहीत वाईट आकडा जास्त, त्यांना पहिल्यांदा बोलू द्यावं आणि त्यांचं सांगून होईपर्यंत कुणीही, अधिकाऱ्यानेसुद्धा, मध्ये बोलू नये. एक प्रश्न निवडावा, पुढचा महिनाभर त्याचं उत्तर शोधावं. एका बाळाच्या सगळ्या घरभेटींसाठी २५० रुपये मोबदला ठरवलेल्या बाईकडून आपण खरा आकडा मागतो, तेव्हा त्या आकड्यातून काय समजलं हे तिला सांगणं ही आपली जबाबदारी आहे. ती पार पाडली तर २४६० ग्रॅम हे वजन रजिस्टरात २४६० असंच लिहिलं जाईल, आणि त्या बाळाच्या जादा भेटी वेळेवर होतील.