तंत्रज्ञान कंपन्यांतील बहुस्तरीय मुलाखत

तंत्रज्ञान कंपन्यांतील बहुस्तरीय मुलाखत ही संगणक अभियंता व तत्सम पदांसाठी वापरली जाणारी निवडपद्धत आहे. तीत उमेदवाराची पारख एकाच भेटीत न करता क्रमाने अनेक फेऱ्यांतून केली जाते. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगल अशा अमेरिकन कंपन्यांत रुळलेल्या या पद्धतीचे अनुकरण इतर देशांतील कंपन्यांनीही केले आहे.

स्वरूप

अर्जाच्या छाननीनंतर भरती अधिकारी उमेदवाराशी दूरध्वनीवर थोडक्यात बोलतो. पुढे ऑनलाइन चाचणी किंवा एखादी तांत्रिक मुलाखत होते. यातून निभावलेल्या उमेदवाराच्या बहुधा एकाच दिवशी चार-पाच सलग मुलाखती घेतल्या जातात. प्रत्येकीला साधारणतः ४५ ते ६० मिनिटे मिळतात.

यांतील प्रमुख फेरी प्रोग्रामिंगची होय. उदाहरणार्थ, संख्यांची एक यादी देऊन, जिची बेरीज ठरावीक संख्येइतकी होईल अशी जोडी शोधण्यास सांगितले जाते. प्रत्येक संख्या इतर प्रत्येक संख्येशी जुळवून पाहणे हा सरळ मार्ग. परंतु यादीत १,००० संख्या असतील तर त्यात ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागू शकतात. त्याऐवजी पाहिलेल्या संख्यांची नोंद हॅश टेबलमध्ये ठेवत गेल्यास यादीवरून एकदाच फिरून उत्तर मिळते, मात्र त्यासाठी संगणकाची अधिक स्मृती खर्ची पडते. पहिल्या मार्गावरून दुसऱ्यावर उमेदवार कसा येतो आणि या देवाणघेवाणीची जाण त्याला आहे का, हे मुलाखतकार पाहतो. म्हणूनच विचार मोठ्याने बोलून दाखवण्याची अपेक्षा असते. मुकाट्याने लिहिलेले अचूक उत्तरही कित्येकदा अपुरे ठरते.

अनुभवी उमेदवारांना याशिवाय एखाद्या मोठ्या प्रणालीचा आराखडा मांडावा लागतो. पूर्वीच्या कामातील अडचणी, मतभेद व चुका यांविषयी विचारणारी वेगळी फेरीही असते.

निर्णय

गूगलमध्ये निवडीचा अधिकार एकट्या व्यवस्थापकाकडे न ठेवता, मुलाखतकारांचे लेखी अहवाल वाचणाऱ्या समितीकडे देण्याची प्रथा रुजली. ॲमेझॉनने १९९९ मध्ये ‘बार रेझर’ ही भूमिका निर्माण केली. हा प्रशिक्षित मुलाखतकार संबंधित विभागाबाहेरचा असतो व त्याला नकाराधिकार असतो. जागा लवकर भरण्याच्या घाईत निवडीची पातळी घसरू नये, हा त्यामागील हेतू. नाकारलेल्या उमेदवाराला मात्र कारण सहसा कळवले जात नाही.

कोड्यांचा काळ

एके काळी मायक्रोसॉफ्टमधील मुलाखती कोड्यांसाठी प्रसिद्ध होत्या. गटाराची झाकणे गोल का असतात, हा त्यांतील बहुचर्चित प्रश्न. विल्यम पाउंडस्टोन यांनी २००३ मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिले. २०१३ मध्ये गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लाझलो बॉक यांनी मात्र अशा कोड्यांतून उमेदवाराच्या भावी कामगिरीचा काहीच अंदाज येत नसल्याचे जाहीरपणे मान्य केले. कोडे घालणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान तेवढे मिळते, असा त्यांचा रोख होता. मुलाखतींची संख्या वाढवण्यातही फारसे हशील नव्हते. चार मुलाखतींतून निवडीविषयी ८६ टक्के खात्री मिळते व पुढच्या प्रत्येक मुलाखतीने तीत जेमतेम एका टक्क्याची भर पडते, असे गूगलच्या अंतर्गत पाहणीत आढळले.

टीका

परीक्षेसाठी लागणारे कौशल्य आणि प्रत्यक्ष कामाचे कौशल्य एकच आहे काय, हा मुख्य आक्षेप आहे. ‘होमब्रू’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरचे जनक मॅक्स हॉवेल यांना २०१५ मध्ये गूगलने नाकारले. तेथील बहुसंख्य अभियंते आपले सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून आपल्याला नकार मिळाला, अशी त्यांची जाहीर तक्रार होती.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. काहींनी मुलाखतकारासमोर बोलत-बोलत फळ्यावर प्रश्न सोडवला, तर काहींनी बंद खोलीत एकट्याने. पहिल्या गटाची कामगिरी दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरली. एकांतात प्रश्न सोडवणाऱ्या सर्व विद्यार्थिनी यशस्वी झाल्या. मुलाखतकारासमोर एकही झाली नाही. विद्यार्थिनींची संख्या थोडी असल्याने हा शेवटचा निष्कर्ष जपूनच घ्यावा लागतो. तरीही दडपण सोसण्याची ताकद आणि प्रोग्रामिंगचे ज्ञान यांची येथे गल्लत होते, ही शंका त्यामुळे बळावते.

भारतातील स्थिती

भारतात नवपदवीधरांची भरती बहुतांशी महाविद्यालयांच्या आवारातच होते. तीत लेखी चाचणी, तांत्रिक मुलाखत व मनुष्यबळ विभागाची मुलाखत असा क्रम सर्वसाधारण असून काही ठिकाणी गटचर्चाही घेतली जाते. मुलाखतीची भाषा प्रायः इंग्रजी असते. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न सोडवणे आणि सोडवता सोडवता तो इंग्रजीत मांडणे, ही दोन कामे एकदम करावी लागतात. लेखी चाचणीत हा दुसरा भार नसतो. त्यामुळे केवळ लेखी सरावावर विसंबलेल्या विद्यार्थ्याला तो प्रथम मुलाखतीतच जाणवतो.