नाव जुळत नाही तेव्हा

कॉलेजच्या संगणक विभागात सीनियर प्रोग्रामर ॲनालिस्ट नेमकं करतो काय, ते एका उदाहरणावरून बघू. 2021 साली यूजीसीने क्रेडिट बँकेचे नियम काढले, पुढे 12 अंकी अपार क्रमांक आला. तो आधारला जोडलेला. आधारवर ‘स्नेहा राजेंद्र पाटील’, आपल्या गुणपत्रिकेवर मात्र आडनाव आधी. मधे लग्न झालं असेल तर आडनावच वेगळं! नाव जुळलं नाही की क्रेडिट अडकतात, कधी पुढचा प्रवेशही. कोड लिहिणं त्यामानाने सोपं हो. आम्ही आधी खिडकीवरच्या क्लार्कबाईंजवळ जाऊन बसतो, कारण नावं कुठे बिघडतात हे त्यांना पाठ असतं. नुसता क्रम बदललेला असेल आणि जन्मतारीख जुळत असेल, तर प्रोग्राम नाव पुढे सोडतो. बाकीची नावं आपोआप दुरुस्त करायची नाहीत. ती यादी बाईंच्याच टेबलावर जाते.