बिऱ्हाड समुद्रापार नेताना

निपाणी-बेळगावहून परदेशी निघालेल्या सामानाचा पहिला खर्च रस्त्याचा: राष्ट्रीय महामार्ग ४८ ने पुण्याकडे आणि पुढे न्हावा शेवा बंदरापर्यंत.

सबंध बिऱ्हाड हलवायचे तर २० फुटी कंटेनर. आत साधारण ३३ घनमीटर जागा. थोडेच सामान इतरांच्या मालाबरोबर पाठवले, तर घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्याचे पैसे. त्यामुळे आजीचा पाटा-वरवंटा जहाजाने स्वस्तात जातो. विमानाचा हिशेब वेगळा. १०० बाय ६० बाय ५० सेंटिमीटरच्या खोक्यात उशा भरल्या आणि काट्यावर ते १५ किलो भरले, तरी घनफळाला ६,००० ने भागून ५० किलोंचे भाडे लागते.

उतरणीच्या बंदरातली हाताळणी, जकात तपासणी, घरपोच वाहतूक यांची बिले अनेकदा वेगळी येतात. दरपत्रकात ती धरली आहेत का, हे आधीच लेखी घ्यावे. कच्च्या लाकडाची पेटी ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून शिक्का मारलेली लागते.

अमेरिकेत वर्षभर वापरलेल्या घरगुती वस्तूंवर जकात नाही. मात्र तिथली वीज १२० व्होल्टची. इथला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नीट चालत नाही, त्याचे भाडे वाचवलेलेच बरे.