जुन्या गाडीला डिस्क ब्रेक लावण्यापूर्वी

नागपूर, प्रतिनिधी

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरीही या गाड्या जिवापाड जपणारी मंडळी आहेत. रंग, सीटकव्हर, क्रोमचे बंपर यांवर हौसेने खर्च होतो; ब्रेकची आठवण मात्र बहुधा समोरचा ट्रक अचानक थांबल्यावरच येते.

पद्मिनीला आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. त्या काळच्या वेगाला ते पुरेसे होते. रस्ते मात्र बदलले. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. वेग ताशी ४० वरून ८० किलोमीटर झाला, की गाडी थांबवताना ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणूनच डिस्क ब्रेक बसवण्याचा विचार अनेक मालकांच्या मनात येतो.

ड्रम का थकतो?

ड्रम ब्रेकमध्ये दोन शू आतून बाहेर फाकतात आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासतात. ही सारी झटापट बंद डब्यात चालते, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडत नाही. छिंदवाड्याच्या वाटेवरील सिलेवानी घाटात किंवा चिखलदऱ्याच्या उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड ढिली होते आणि पेडल खाली जाऊ लागते. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरले, तर पहिले काही क्षण ब्रेक लागल्यासारखेच वाटत नाही.

डिस्क ब्रेकमध्ये उघड्यावर फिरणाऱ्या तबकडीला कॅलिपरमधील पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तबकडी वाऱ्यावर थंड होते, पाणीही झटकले जाते.

बूस्टर कशासाठी?

ड्रममधील पुढचा शू फिरण्याच्या ओघात आपोआप अधिक घट्ट आवळला जातो. डिस्कला ही आयती मदत नसते, म्हणून पायाला जास्त जोर लावावा लागतो. ती उणीव बूस्टर भरून काढतो. पेट्रोल इंजिन हवा ओढताना निर्माण होणारी निर्वात पोकळी बूस्टरमधील पडद्याच्या एका बाजूस असते. पेडल दाबताच दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा शिरते आणि हा दाबातील फरक पायाच्या मदतीला येतो. डिझेल इंजिनला यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो.

येथे एक जुनी सवय जिवावर बेतू शकते. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली, तर बूस्टरमध्ये साठलेली मदत दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते आणि पेडल दगडासारखे होते.

केवळ तबकडी पुरेशी नाही

खरी मेख पुढेच आहे. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या जोडणीत तसाच राहिला, तर पॅड तबकडीला घासत राहतात आणि चाक तापते. कॅलिपरला तेलही अधिक लागते. म्हणून मास्टर सिलिंडर योग्य मापाचा आणि शक्यतो दुहेरी असावा. दुहेरी सिलिंडरमध्ये एक नळी फुटली, तरी निम्मे ब्रेक शाबूत राहतात.

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो. मागच्या ड्रमला दाब जास्त मिळाला, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी घसरते. हा तोल साधण्यासाठी दाबनियंत्रक व्हॉल्व्ह लागतो. कॅलिपर चाकाच्या रिममध्ये मोकळा फिरतो का, हेही तपासावे लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. ओलावा मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंश धरली जाते. त्यामुळे या कामात जुने तेल ठेवू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलांचे निकष ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंद होते, पण तिच्या चॅसी, बॉडी वा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

ज्यांची गाडी रविवारी सकाळी अंबाझरीपर्यंतच जाते, त्यांना नवे लायनिंग, लेथवर साफ केलेले ड्रम, नवे व्हील सिलिंडर आणि ताजे तेल एवढेही पुरते. अर्धवट बसवलेल्या डिस्कपेक्षा नीट राखलेला ड्रम केव्हाही भरवशाचा.