नाडीचा ठेका

घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोचा जिना घाईघाईने चढलात, की वर पोचेपर्यंत छातीत धडधडू लागते. अशा वेळी बाजूला उभे राहून मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटे ठेवून पाहा. (नाडी अंगठ्याने पाहू नये. अंगठ्यातलाच ठोका जाणवतो आणि फसगत होते.) आता प्रत्येक ठोक्याला एक मात्रा धरून मनात त्रिताल म्हणा. समेपासून पुढच्या समेपर्यंत सोळा मात्रा. त्यांना 10 सेकंद लागले, तर नाडी मिनिटाला 96 झाली. घरी स्वस्थ बसल्यावर तेच आवर्तन 13 सेकंदांच्या थोडे पुढे गेले, तर नाडी 72 च्या आसपास. कसे ते तुम्हीच गुणून पाहा!

पण हा गुणाकार करण्याआधीच तुम्हाला एक गोष्ट कळलेली असते. लय चढी आहे की संथ, हे कान लगेच सांगतो. शिवाय 72 हा आकडा पुष्कळ काही झाकून ठेवतो. ठोके सारख्या अंतराने पडले, की दोन घाईने पडून तिसरा रेंगाळला, हे त्यात कुठे दिसते? ताल चुकला तर तो मात्र तबला न शिकलेल्यालाही खटकतो.

हे ओळखून फ्रान्समधील नान्सी गावचा वैद्य मार्के याने 1747 मध्ये एक पुस्तकच लिहिले. मिनुएट नावाच्या नृत्याची लय हे त्याने निरोगी नाडीचे माप मानले आणि नाडीचे निरनिराळे प्रकार चक्क संगीताच्या स्वरलिपीत मांडले. कल्पना थोडी विक्षिप्त वाटते खरी, पण आजच्या शस्त्रक्रियागृहात गेलात, तर तिचीच भावंडे भेटतील.

तेथे रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावलेला असतो. कोविडच्या साथीत तो अनेक घरांत आला होता. बोटातून जाणारा तांबडा आणि अवरक्त प्रकाश किती शोषला गेला, त्यावरून तो रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण काढतो. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. शस्त्रक्रियागृहातील यंत्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक स्वर वाजवते. म्हणजे लयीवरून नाडीची गती कळते. आणि ऑक्सिजन घटू लागला, की स्वराची पट्टी खाली उतरते! लय एक बातमी देते, सूर दुसरी.

भूलतज्ज्ञाचे हात गुंतलेले असतात, डोळे रुग्णाकडे असतात. पडदा पाहायला मान वळवावी लागते, कानाला वळावे लागत नाही. मात्र केवळ सूर ऐकून ‘आता ऑक्सिजन 93 टक्के’ असे सांगणे कठीण. शिवाय निरनिराळ्या यंत्रांचे सूरही सारखे नसतात. कान आकडा सांगत नाही, बदल सांगतो. त्या आवाजाने दचकून मान वर केली, की मग आकडा पाहायचा.

आता पुन्हा मनगटावर बोटे ठेवा आणि अगदी सावकाश, खोल श्वास घ्या. ठेका किंचित पुढे पळेल. श्वास सोडताना तो मागे रेंगाळेल. घाबरू नका, तुमच्या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. तबल्याच्या गुरुजींना मात्र ही लय मुळीच पसंत पडणार नाही.