दिवेलागणीच्या आधी सायकलचा दिवा

नोव्हेंबरअखेरीस पनवेलमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तळोजा एमआयडीसीतून सुटलेले कामगार नेमके तेव्हा सायकलवर असतात आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे ट्रक, जेएनपीटीचे कंटेनर ट्रेलरही त्याच भागातून धावत असतात. पनवेल सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य क्षितिजाखाली बराचसा उभाच उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश जेमतेम 22-23 मिनिटं टिकतो. जूनमधल्या लंडनमध्ये तो पाऊण तास रेंगाळतो.

डोळ्यांना एवढी घाई जमत नाही. उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशींकडून अंधारातल्या दंडपेशींकडे कारभार पूर्णपणे जायला 20 ते 30 मिनिटं लागतात. त्यात दंडपेशींना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही. सांज झाली की लाल फुलं काळवंडतात आणि निळी उजळ वाटतात, हे चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी 19व्या शतकात नोंदवलं. लाल शर्टातला सायकलस्वारही असाच काळवंडतो.

‘मागे रिफ्लेक्टर आहे की’ म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. रिफ्लेक्टर मात्र आलेला उजेड आल्या दिशेला परतवतो, एवढंच. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. मोटारी आणि ट्रकना तशी सक्ती नाही. कातरवेळी चालकाने दिवेच लावले नसतील, तर रिफ्लेक्टरचा उपयोग शून्य. म्हणून पहिला खर्च मागच्या लाल दिव्यावर करावा.

हिशेब सोपा आहे. ताशी 60 किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर कापते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी 25 मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 20 मीटर लागतात. भरलेल्या ट्रेलरला याहून बरेच जास्त. त्यामुळे मागचा दिवा शे-दोनशे मीटरवरून दिसायला हवा. लुकलुकता दिवा लक्ष चटकन वेधतो, पण तो किती लांब आहे हे चालकाला नीट जोखता येत नाही. जर्मनीत सायकलला लुकलुकता दिवा चालत नाही. ब्रिटनने 2005 मध्ये मिनिटाला 60 ते 240 वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यांना परवानगी दिली. आपल्यासाठी मधला मार्ग बरा: एक दिवा स्थिर, एक लुकलुकता.

पुढच्या दिव्याच्या खोक्यावर ल्युमेनचा मोठा आकडा छापलेला असतो. तो दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश सांगतो. त्यातला रस्त्यावर किती पडतो, ते लक्समध्ये मोजतात. अंतर दुप्पट झालं की लक्स चौपटीने घटतात. जर्मन नियमानुसार 10 मीटरवर किमान 10 लक्स लागतात आणि झोताला वरून स्पष्ट कड असावी लागते, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. ताशी 20 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला खड्डा दिसून थांबेपर्यंत 12-13 मीटर लागतात, तेव्हा झोत 15-20 मीटरवर पोचलेला बरा. दिवा हँडलपेक्षा थोडा खाली बसवला, तर उजेड तिरपा पडतो, सावल्या लांबतात आणि खड्ड्याची कड उठून दिसते.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा. ओल्या डांबरावरचा पाण्याचा पातळ थर आरशासारखा उजेड पुढेच परतवतो, आपल्याकडे फारसं काही येत नाही. तेव्हा ल्युमेन वाढवण्यापेक्षा वेग कमी केलेला चांगला. आयपीएक्स 4 म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसणारा दिवा, तर आयपीएक्स 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा. इथल्या जुलैसाठी दुसरा घ्यावा.

दुकानात दिवा डोळ्यांसमोर धरून पाहू नका, चार-पाच मीटरवरच्या भिंतीवर पाडा. नुसता गोल डाग पडला, तर ती टॉर्च आहे. वरची कड सरळ कापल्यासारखी दिसली, तर तो रस्त्यासाठी घडवलेला दिवा. आकडा लहान असला तरी तोच घ्या.